एक वाटी खोबरं

१२ जानेवारी, रविवार

त्या सकाळी पाणी सव्वापाचला आलं. पिंप भरलं, हंडा भरला, मोरी घासली. दूध तापवलं. यांची चादर बदलली. उशीवर केस पडले होते ते ओल्या फडक्याने टिपून घेतले, त्यांना दिसायला नकोत म्हणून. मग विळी मांडली आणि नारळ फोडला. गोड निघाला. दोन वर्षं झाली हे जाऊन. त्या दिवसातलं बाकी धूसर झालंय, ही कामं मात्र एकामागून एक आठवतात, कोणी वाचून दाखवावी तशी.

आज पुन्हा आठवली, कारण मनीषाचा फोन. यांची भाची. माझी नणंद गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे ही माझी लालबागची खोली. म्हणाली, "मामी, घाबरू नकोस हं, पण आधी खाली बस." मी बसलेलीच होते, निवडायला घेतलेली मेथी मांडीवर. रक्ताचा कॅन्सर. यांना होता तोच. बुधवारपासून केमो. हॉस्पिटलही परळचंच, यांचं होतं ते.

"डॉक्टर म्हणतात बरा होतो. माझं वय कमी आहे ना."

छत्तीस.

मग मुद्द्याचं बोलली. बाहेरचं खाणं अजिबात बंद. संदेशला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, चहापलीकडे काही येत नाही. सासूबाईंचे हात थरथरतात, परवाच गरम कढई हातातून सुटली. मुलगी आर्या आठ वर्षांची. "मामी, तू देशील करून?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. फोन ठेवल्यावर मेथी निवडायला गेले तर देठं भांड्यात आणि पानं कचऱ्यात टाकत होते.

१३ जाने., सोमवार

रोज अँटॉप हिलला जाणं माझ्या गुडघ्यांना झेपणार नाही. रात्रभर विचार केला. मग नजर फ्रीझरवर गेली.

यांच्या दुकानातला. आइसक्रीम, दूध, दही. दुकान दिलं तेव्हा सगळं विकलं गेलं, हा आडवा फ्रीझर कोणी घेईना. खोलीचा चौथा हिस्सा त्यानेच खाल्लाय. वर चादर घालून मी त्याचं टेबल केलंय, मिक्सर आणि वाचनालयाची पुस्तकं ठेवायला. दोन वर्षं बंद. आज पुस्तकं उतरवली, सोड्याच्या पाण्याने आतून पुसला, बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग एक मोठा उसासा टाकून सुरू झाला. अगदी तोच आवाज. हे दुपारी दुकानातच त्याला टेकून झोपायचे.

आठवड्यातून एकदा भरपूर करायचं, छोट्या डब्यांत गोठवायचं, संदेश शनिवारी घेऊन जाईल. त्यांच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात पंधरा डबे मावतात म्हणाला, मोजून सांगितलं.

पण आजाऱ्याला गोठवलेलं चालतं का? त्याला विचारून यायला सांगितलंय.

१५ जाने., बुधवार

म.ची पहिली केमो आज झाली. उलटी एकदा.

आहाराच्या मॅडम म्हणाल्या चालेल, पण नियमाने. संदेशने कागद आणून दिला. मी माझ्या अक्षरात मोठं उतरवून काढलं आणि फ्रीझरच्या झाकणावर चिकटवलं:

पूर्ण शिजवणे. बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून लगेच गार करणे. पातळ थरात भरणे. परत गरम एकदाच, मध्यभागापर्यंत उकळी. उरलेलं टाकणे. कच्चं काही नाही. वरून कच्चं काही नाही.

मूळ कागदावर शेवटची ओळ दोनदा नाही, पण मला तशीच लिहावीशी वाटली.

मी सातवीपर्यंत शिकले. पण वाचलेलं मी विसरत नाही. वाचनालयातले सर म्हणतात, तुम्ही औषधाच्या बाटलीवरचा कागदही वाचत असाल. वाचते.

माझा स्वतःचा एक नियम जोडला. प्रत्येक खेपेतला एक डबा आधी मी खायचा. एक रात्र थांबायचं. मला काही झालं नाही तरच तिच्याकडे जायचं.

१६ जाने., गुरुवार

पहिला प्रयोग. बटाट्याची भाजी गोठवून गरम केली. स्पंज. दाबला की पाणी सुटतं. बाद. दुधी ठीक. मुगाची खिचडी उत्तम. मसुराची उसळ आदल्या दिवसापेक्षा चांगली लागली.

सगळं खोबऱ्याशिवाय. वाटणाशिवाय. आमच्यात असं जेवण पथ्याचं सुद्धा म्हणत नाहीत. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, वरून खोबरं नसलं की ताट ओकंबोकं दिसतं.

१८ जाने., शनिवार

पहिली खेप गेली. बारा डबे. सात खिचडी, पाच दुधी. काल करून, एकेक मी खाऊन, मग. पोट ठीक.

प्रत्येक डब्यावर पट्टी लावून पदार्थ आणि तारीख. संदेश थर्माकोलची पेटी घेऊन आला होता. पेटी उचलताना म्हणाला, "मामी, ही तर कोळणीची पेटी झाली." मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

तो गेल्यावर तासभर दारात उभी होते. पेटीचं झाकण नीट बसलं होतं का.

१९ जाने., रविवार

राहवेना. टॅक्सी करून अँटॉप हिलला गेले. सरकारी क्वार्टर्स, तिसरा मजला. संदेश क्लार्क आहे म्हणून ही जागा.

म. पलंगावर, केसांना रुमाल. बरी दिसत होती. आपणच घाबरतो.

विहीणबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, स्वयंपाकघरात डबा हातात धरून उभ्या. मला बसा म्हणायच्या आधी म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नका. पण शिळा अन्न आजाऱ्याक देतत काय? आमच्या घरात रात्रीचा सकाळी कोण खायत नाय. आणि ह्या दगडासारखा."

मी सांगितलं, शिळं नाही, थांबवलेलं आहे.

"थांबवलेला म्हणजे?"

"म्हणजे करताक्षणीच झोपवलेलं. उठवलं की ताजं."

"माणूस असा झोपवून उठवता येता तर बरा झाला असता," त्या म्हणाल्या. आतून म. हसली. "आई, मामीचं खाऊ द्या मला. बाकी कशाचा वास सहन होत नाही."

आर्याने विचारलं, "आजी, तुझ्याकडे आइसक्रीमचा फ्रीझर आहे तर तू खिचडी का ठेवतेस त्यात?"



एक गोष्ट मनात राहिली. विहीणबाई डबा कोमट करून देतात. मी म्हटलं उकळी यायला हवी. तर म्हणाल्या, "तिका गरम जमणा नाय, तोंडात फोड इलेत." मी म्हटलं, उकळून मग गार करा. मान हलवली. ऐकलं की नुसती हलवली, कळलं नाही.

२५ जाने., शनिवार

रिकामे डबे परत आले. स्वच्छ घासलेले. आणि प्रत्येकात चिमूटभर साखर. बारा डबे, बारा चिमट्या. विहीणबाईंनी निरोप दिलाय, रिकामो डबो धाडू नये.

म्हणजे मान्य केलं. ती साखर मी एका वाटीत जमवली, चहाला वापरली.

म.चं वजन अर्ध्या किलोने वाढलं. संदेश हे सांगताना पोरगं पास झाल्यासारखा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र खूप खाली आहेत, या आठवड्यात जास्त जपा म्हणालेत.

दुसरी खेप चौदा डबे. आज नेली.

२८ जाने., मंगळवार

दुपारी दोन ते चार लाइट नव्हती. फ्रीझरवर गोधडी घातली, वर उशा, वर मी. झाकण उघडायचं नाही. चार वाजता लाइट आली तेव्हा मी फ्रीझरला टेकून पेंगत होते. शेजारची स्नेहल, पेडणेकरांची सून, दारातून बघून म्हणाली, "मावशी, अंडी उबवताय का?"

आत सगळं दगड होतं. तरी वरचे दोन डबे मी स्वतःला ठेवले.

म.चा फोन. आवाज बारीक. "मामी, चव म्हणून काही लागत नाही गं. सगळं कागद खाल्ल्यासारखं. तुझ्या उसळीवरचं खोबरं आठवतंय." मी म्हटलं, बरी झालीस की अख्खा नारळ. "लिहून ठेव," म्हणाली. ठेवलं.

३१ जाने., शुक्रवार. संध्याकाळ

नीट क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं तर कळेल.

सकाळी पाणी. मग माझ्या पोह्यांसाठी नारळाची अर्धी कवड खोवून वाटीत ठेवली, वाटी काठोकाठ. मग पोहे राहूनच गेले कारण संदेशचा फोन, उद्याऐवजी आजच दुपारी येतो, उद्या तिला तपासणीला न्यायचंय. घाई. मसूर कालच भिजवलेला. उसळ केली, बर्फाच्या पाण्यात गार केली, दहा डबे ओळीने उघडे मांडून भरले. नऊ तिचे, एक माझा.

तेवढ्यात स्नेहल दारात. हातात हळदीकुंकवाची वाटी नव्हती, नुसतीच आली होती. "मावशी, रथसप्तमीला गॅलरीत हळदीकुंकू आहे. यंदा तुम्ही पण यायचं. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. कुंकू नको तर हळद लावू. हळद पण नको तर नुसत्या या. वाण डबे आहेत, तुमच्या कामाचे."

मी काय बोलले आठवत नाही. "बघते" म्हटलं बहुतेक. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हे गेल्यापासून दोन्ही वर्षं मी या दिवसांत दार लोटून बसले. कोणी जा म्हणालं नव्हतं. या असंही नाही.

आत आले. डोळे भरले होते. हात चालू होते. झाकणं लावली. फ्रीझरमध्ये ठेवले. एकला संदेश आला, नऊ डबे आणि आधीच्या खिचडीचे पाच घेऊन गेला.

माझा डबा खाऊन एक रात्र थांबायचा नियम आज मोडला.

आता पाचला पोहे करायला उठले. वाटी रिकामी.

खोली शोधली. ओट्याखाली, फ्रीजमध्ये. मांजर येत नाही वरच्या मजल्यावर. मी खाल्लं नाही. वाटी काठोकाठ होती.

चाळीस वर्षं उसळ उतरवली की हात खोबऱ्याच्या वाटीकडे जातो. विचारून जात नाही.

नंतर: साडेपाचला फोन केला. विहीणबाईंनी उचलला. मनीषा झोपलीय म्हणाल्या. मी विचारलं, "जेवायला काय देताय?" "तुमची उसळ काढून ठेवलंय." माझ्या तोंडून एवढंच निघालं, "नीट खळखळून उकळी आणा हं." "होय होय," त्या म्हणाल्या.

खोबऱ्याचं बोलले नाही. फोन हातात होता आणि बोलले नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

माझा डबा उघडला. वरून पांढरं खोबरं, गोठलेलं. पोह्यांसाठी चिरलेली कोथिंबीरसुद्धा. नीट पेरलेलं, पाहुण्याला देतात तसं.

मनाला सांगितलं, माझा डबा म्हणून त्याच्यावरच घातलं असेल. पण एका डब्यावर चमचाभर बसतं. वाटी भरलेली होती.

सांगितलं तर विहीणबाई माझं अन्न बंद करतील. मग म. काय खाईल? कोण करेल? हे कारण खरं आहे. पण खरं कारण पुढे करून माणूस दुसरंच काही झाकतो, हे मला माहीत आहे, कारण मी एकदा केलंय.

आता लिहूनच टाकते. कोणाला सांगितलेलं नाही.

त्या सकाळी तो नारळ मी यांच्या सोलकढीसाठी फोडला. पथ्यात नव्हती. कच्च्या खोबऱ्याचं दूध. पण सहा दिवस काही गिळलं नव्हतं आणि म्हणाले, "एक पेला. तुला शपथ आहे." सकाळी केली, अर्धी तेव्हा प्यायले, अर्धी संध्याकाळी. मधे ओट्यावरच होती. दुसऱ्या दिवशी ताप. डॉक्टरांनी विचारलं, काही वेगळं खाल्लं का? मी म्हटलं, नाही. तिसऱ्या दिवशी गेले.

पेशी कमी असल्या की ताप कुठूनही येतो, असं तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी. मीही वाचलंय नंतर, तीन पुस्तकांतून. पण विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. हे कुठल्याच पुस्तकात नाही.

उद्या सकाळी मनीषाला सांगते.

२ फेब्रु., रविवार

सांगायच्या आधीच फोन आला. साडेआठ. संदेश. पहाटेपासून ताप, एकशे एक. टॅक्सीतून बोलत होता, हॉस्पिटलला नेत होते.

"उसळ खाल्ली का रे तिने?"

"हो मामी. शुक्रवारी रात्री, काल दुपारी पण. आवडीने खाल्ली. म्हणाली, आज घरची चव लागली."

गॅस बंद केला, चप्पल घातली, निघाले. पायीच. लालबागहून परळ असं किती लांब? वाटेत फुलं, फुगे, रविवारचं मटण घेऊन चाललेली माणसं. सगळ्यांना आज रविवार होता.

वॉर्डच्या बाहेर संदेश. त्याला म्हटलं, मला डॉक्टरांशी बोलायचंय. तो म्हणाला मामी नंतर, त्या घाईत आहेत. मी म्हटलं आता. माझा आवाज चढला असावा, एक तरुण डॉक्टर मुलगी वळली. "काय झालं आजी?"

उभ्या उभ्या सांगितलं. कच्चं खोबरं, कच्ची कोथिंबीर, उसळीवरून, नऊ डबे. शुक्रवारी दुपारी दिले. तिने दोन खाल्ले. उकळलं असेल किंवा नुसतं कोमट केलं असेल, माहीत नाही. माझ्याकडून झालं. शुक्रवारी संध्याकाळीच कळलं होतं मला. सांगितलं नाही.

ती लिहून घेत होती. "पाणी उकळलेलंच वापरता? घरात आणखी कोणी आजारी? कोथिंबीर धुतली होती?" मी एकेकाचं उत्तर दिलं. मग पेन थांबवून म्हणाली, "आजी, यामुळेच ताप आला असं मी म्हणणार नाही. नसेलही. पण सांगितलंत ते बरं केलंत. औषध निवडताना ध्यानात ठेवू." रक्त तपासायला गेलंय. दोन-तीन दिवस लागतील.

वळले तर संदेशच्या मागे विहीणबाई उभ्या. सगळं ऐकलं होतं. बाकावर जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर, माझ्याकडे पाठ करून.

संदेश म्हणाला, "मामी, तुम्ही घरी जा." चिडून नाही म्हणाला. तेच जास्त लागलं.

३ फेब्रु., सोमवार

ताप एकशे एक पॉइंट चार.

चार वाजता एकाला आत सोडतात. संदेश म्हणाला तिने तुम्हाला बोलावलंय. मास्क, टोपी, हात दोनदा धुतले. म. पांढरी. हाताला सुई. ओठ फुटलेले.

खुर्ची लांब ठेवून बसले. म्हटलं, तुला कळलं ना?

"कळलं. आई कालपासून तेच सांगतायत." मग थांबून, "मामी, पण चव खरंच आली होती हं."

रडू आलं. मास्कमध्ये रडता येत नाही नीट, सगळं ओलं होतं. म्हटलं, मने, मला आणखी एक सांगायचंय. तुझ्या मामाचं. आणि सोलकढीचं सांगितलं. पेल्यासकट. डॉक्टरांना नाही म्हटलं तेही.

तिने डोळे मिटले. मला वाटलं दमली. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मामाचा फोन आला होता मला. त्याच संध्याकाळी. इतका खूश होता. म्हणाला, मने, आज तुझ्या मामीने सोलकढी दिली, दोन पेले प्यायलो, कोणाला सांगू नकोस, मला ओरडतील."

दोन पेले. मला एकच आठवतो. अर्धा अर्धा.

"तुला माहीत होतं आणि तू माझ्याकडेच जेवण मागितलंस?"

"मग कोणाकडे मागू?" डोळे मिटूनच म्हणाली. नर्स आली, वेळ झाली म्हणाली. मी उठले. दारापर्यंत गेले तर मागून म., "मामी. ते तू तेव्हा सांगायला हवं होतंस पण."

हो म्हटलं.

४ फेब्रु., मंगळवार. रथसप्तमी

ताप शंभर पॉइंट सहा. दुपारी उतरला, संध्याकाळी परत तेवढाच. रिपोर्ट नाही.

संदेश ऑफिसला जाता जाता पिशवी देऊन गेला. उसळीचे सात डबे, न उघडलेले. दोन रिकामे, घासलेले. दोन्ही उघडून बघितले. साखर नव्हती. बोट फिरवून बघितलं. नव्हतीच.

"आई चिडलीय," तो म्हणाला. "मला म्हणते, मीच डबा उकळूक नाय, कोमट दिलंय. आणि मग तुमच्यावर चिडते. मग स्वतःवर. मामी, मी काय करू?"

"पुढच्या शनिवारचं काय?" मी विचारलं.

"माहीत नाही. ती घरी कधी येईल तेच माहीत नाही."

संध्याकाळी गॅलरीत बायकांचा आवाज. गेले नाही. रागाने नाही, फोनजवळ बसायचं होतं. स्नेहल स्वतःच आली. हळद पुढे केली. कपाळाला नको म्हटलं, तर हात धरून मनगटावर लावली. वाणाचा डबा ठेवून गेली. निळ्या झाकणाचा, खिचडी बरोब्बर बसेल एवढा.

डॉक्टर मुलगी म्हणाली होती, नसेलही. तो एक शब्द दिवसभर धरून बसलेय. यांच्या वेळी मी खरं सांगितलं असतं तर तो एक शब्द मला दोन वर्षांपूर्वीच मिळाला असता. किंवा दुसरा कुठला तरी मिळाला असता. हे सुद्धा आहे.

५ फेब्रु., बुधवार

पाणी पाच वीसला आलं. पिंप भरलं, हंडा भरला, मोरी घासली.

सातला संदेशला फोन. ताप शंभर. अर्धी इडली खाल्ली, हॉस्पिटलची. रिपोर्ट संध्याकाळी किंवा उद्या. विहीणबाईंबद्दल मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

सातही डबे उघडून बघितले. सातांवर खोबरं. ओल्या कचऱ्यात टाकले. डबे सोड्याने धुतले, उकळत्या पाण्यातून काढले, उन्हात पालथे घातले.

मग विळी धुऊन पुसली, जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळली आणि स्नेहलकडे नेऊन दिली. लग्नात माहेरहून आलेली. म्हटलं, मनीषाची ट्रीटमेंट संपेपर्यंत तुझ्याकडे राहू दे.

"अहो मावशी, खोबऱ्याशिवाय तुम्ही जेवणार कशा?"

"जेवेन."

घरी आले. फ्रीझरवरचा कागद एकदा मोठ्याने वाचला. मुगाची डाळ निवडली, तांदूळ धुतले, दहा डब्यांचे, आणि कुकर लावला.